हळदीचा आळ

आपला मुलगा विश्वंभर पारुबाईला ओटीभरणाचं आवतन देऊन आला, हे सुमनबाईला शेजारणीकडून कळलं. घरातली बातमी शेजारीण आणून देते तेव्हा घरात काहीतरी नासलेलं असतं, हे सुमनबाईच दुसऱ्यांच्या घरांबद्दल नेहमी म्हणायची. तिने हातातला तांब्या खाली ठेवला आणि सुनेला, द्वारकेला, हाक मारून विचारलं की हे खरं का. द्वारका पुरणाची डाळ बघायचं निमित्त करून चुलीकडे वळली. मग खरंच, असं सुमनबाई समजली.

पारुबाई तिची थोरली जाऊ. भिंतीच्या पलीकडे राहणारी. दोघींच्या चुलींचा धूर एकाच लिंबाच्या झाडात जायचा, पण दोघींमध्ये एक शब्द गेला नव्हता, आणि ही गोष्ट विश्वंभर शाळेतही जात नव्हता तेव्हापासूनची.

डोंगरकडा गावात ती सगळ्यांना पाठ होती. सुमनबाईचा नवरा सोनाजी आणि त्याचा थोरला भाऊ ग्यानोबा एकत्र होते, तेव्हा घरचा कारभार पारुबाईच्या हातात. कोणी रानात जायचं, कोणी भाकरी थापायच्या, ती सांगायची. तिला स्वतःला मूल नव्हतं. सुमनबाईचा पहिला विश्वंभर धडधाकट निघाला, त्याला पारुबाईनेच न्हाऊमाखू घातलं. दुसऱ्या खेपेला सुमनबाईचे दिवस भरत आलेले असताना हळद शिजवायची घाई आली, माणसं मिळेनात, आणि पारुबाईने तिला काहिलीच्या, हळदीच्या मोठ्या कढईच्या, जाळापाशी बसवलं. बसल्या जागी लाकडं सारायची, एवढंच काम. पोरगं झालं, ते रात्र उलटायच्या आत पिवळं पडलं. डोळे पिवळे, तळवे पिवळे. आठवडा काही त्याने काढला नाही. पुढच्या खेपेचा मुलगाही तसाच गेला, आणि काहील त्याही वर्षी पेटलेली होतीच.

हळद बाधली, असं कोणीतरी म्हणालं. कोण ते आता कोणाला आठवत नाही, असल्या बोलण्याला धनी नसतो. हळद बाधली इथून पारूने बाधवली इथपर्यंत यायला गावाला फार चालावं लागलं नाही. स्वतःची कूस उजवली नाही म्हणून धाकटीची उजाड केली, असं पाणवठ्यावर ठरलं. वाटणी झाली, भिंत उठली. चौथ्या खेपेची मुलगी भिंतीच्या अलीकडे, हळदीचा वाससुद्धा न घेता जन्मली, आणि तीही पिवळी होऊनच गेली. तेव्हा लोक म्हणाले, पलीकडच्या काहिलीची वाफ वाऱ्यावर आली असेल. एकदा हाताशी आलेलं कारण माणूस सहजी सोडत नाही.

तेव्हापासून सोनाजीच्या घरात गरोदर बाईच्या ताटात हळद नाही. सगळा तालुका हळदीवर जगतो आणि द्वारकेने लेकीच्या, आरोहीच्या वेळी माहेरी जाईपर्यंत, सातव्या महिन्यापर्यंत पांढरं वरण आणि पांढरी भाजी गिळली. कुंकवासोबतची हळद तेवढी चालायची, देवाची हळद बाधत नाही असं ठरवून टाकलेलं होतं. द्वारका त्या पांढऱ्या भाजीबद्दल कधी बोलली नाही, पण विसरलीही नाही.

आणि आता आरोहीच सात महिन्यांची गरोदर होऊन माहेरी आली होती.

तिचा रक्तगट निगेटिव्ह निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला इंजेक्शन दिलं, बाळंतपणानंतर अजून एक घ्यायचं म्हणून बजावलं आणि सहज विचारलं की घरात पूर्वी कोणाची लेकरं जन्मून पिवळी पडून गेली होती का. विश्वंभर बरोबर होता. पुढच्याच आठवड्यात साखर तपासायची म्हणून आईबापांना तो कळमनुरीला घेऊन गेला आणि साखरेबरोबर रक्तगटही तपासून घेतला. सोनाजी पॉझिटिव्ह, सुमनबाई निगेटिव्ह.

सुमनबाईला ते समजावून सांगायचं काम आरोहीवर आलं. आजी सुपात जोंधळा पाखडत बसली होती. आरोहीने त्यातला एक दाणा घेतला, डब्यातून हरभऱ्याचा एक दाणा आणला आणि दोन्ही आपल्या तळहातावर ठेवले. प्रत्येकाच्या मुठीत असे दोन दाणे असतात, ती म्हणाली, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. लेकराला देताना दोनातला एकच दिला जातो आणि कोणता ते आपल्या हातात नसतं. मुठीत एक जरी हरभरा असला तरी रक्त पॉझिटिव्ह. दोन्ही जोंधळे आले तरच निगेटिव्ह. आजीच्या मुठीत दोन्ही जोंधळेच. आबांच्या मुठीत बहुतेक दोन्ही हरभरे. म्हणून विश्वंभरकडे एक हरभरा आणि त्याखाली झाकलेला एक जोंधळा. द्वारकेकडेही तसाच झाकलेला. दोघांनी नेमका जोंधळा दिला, आणि आरोही आजीसारखी निघाली.

"मंग त्यानं लेकरं कशी जातेत?" सुमनबाईने विचारलं. तिचा हात सुपावर थांबला होता.

आरोहीने सांगितलं. आई जोंधळ्याची आणि पोटातलं लेकरू हरभऱ्याचं असलं की पहिल्या बाळंतपणात लेकराचं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं अंग ते परकं म्हणून ओळखून ठेवतं. पहिलं लेकरू तोवर बाहेर आलेलं असतं, ते सुटतं. पुढचं आलं की अंग त्याच्या रक्तावर उठतं. म्हणूनच आता इंजेक्शन देतात, अंगाने ओळखूच नये म्हणून. हळदीचा काही संबंध नाही.

सुमनबाईने तिच्या तळहातावरचा हरभऱ्याचा दाणा बोटाने बाजूला सारला.

"म्हंजी माझ्याच अंगानं खाल्ली."

"असं काहून म्हणतीस, आजी? तुला कुठं माहीत होतं? त्यात तर आबांचंबी रक्त हाय."

"अंग कोणाचं होतं?" सुमनबाई म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण कोणाशी बोलली नाही. पारुबाईवर राग धरून तिने आयुष्य रेटलं होतं. तो राग आता काढून घेतला तर खाली काय उरतं, ते तिला त्या दोन दिवसांत दिसलं होतं, आणि ते तिला बघवत नव्हतं.

आवतनाचं कळल्यावर ती विश्वंभरला एवढंच म्हणाली, "तिला बोलावलं तर मी खोलीतून बाहेर येनार न्हाई."

विश्वंभर म्हणाला, "माय, मोठ्या मायेनं काय केलं होतं? आता तर तुला ठावं हाय."

"मला काहीच ठावं न्हाई. ठावं असायला मी डाक्टर न्हाई."

सोनाजी ओट्यावर बसून हे ऐकत होता. मळ्याकडून हळदीच्या कुकरचा भोंगा आणि वाफेचा सुस्कारा येत होता. आता काहिली गेल्या, तासाभरात टाकीच्या टाकी शिजते. विश्वंभर त्याच्याजवळ येऊन उकिडवा बसला. बापाने आईला समजवावं, अशी त्याची इच्छा होती. सोनाजी म्हणाला की झालं गेलं गंगेला मिळालं, आता मढी उकरून कोणाचं भलं होणार आहे.

"आबा, एक विचारू? तुमाला तवा खरंच वाटत होतं का, हळदीनं झालं म्हणून?"

सोनाजीने तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली. गावातली कोणती गरोदर बाई हळदीच्या जाळापाशी बसत नव्हती? हळदीने लेकरं मरत असती तर अर्धा तालुका ओस पडला असता. हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण ग्यानोबाला घर एकत्र ठेवायचं होतं आणि सोनाजीला वेगळं व्हायचं होतं. वाटणीत विहीर आपल्याकडे यावी म्हणून भांडायला त्याला तोंड नव्हतं. मेलेल्या लेकरांनी ते तोंड दिलं. त्याने स्वतः पारूला कधी चेटकीण म्हटलं नाही. लोक म्हणत होते तेव्हा तो फक्त गप्प बसला, आणि विहीर त्याला मिळाली. त्या विहिरीच्या पाण्यावरच आजवरची हळद आली होती.

"तवाची गोष्ट तवा," तो म्हणाला. "आता मला आठवत न्हाई."

विश्वंभरला कळलं की बापाला सगळं आठवतं. तो उठला. बापाच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

पारुबाईकडे तो आदल्या संध्याकाळी गेला होता. ग्यानोबा खाटेवर पडून होता. अर्धांग झाल्यापासून त्याचं सगळं पारुबाईच करायची. हळदीकुंकवाचं पंचपाळं पुढे ठेवून विश्वंभरने ओटीचं आवतन दिलं, तेव्हा तिने कपाळ पुढे केलं नाही. त्याने तिला रक्ताचं सगळं सांगितलं, आरोहीसारखं सोपं करून. शेवटी ती म्हणाली, "हे तुझ्या मायेनं सांगून धाडलं का तू आपल्या मनानं सांगून राहिला?"

"माझ्या मनानं."

"हं."

मग ती उगीच ग्यानोबाची गोधडी सारखी करत बसली. विश्वंभरला वाटलं होतं की ती रडेल, किंवा शिव्या घालेल. एवढ्या वर्षांचा आळ उतरला म्हणजे माणसाला हलकं वाटत असेल, अशी त्याची समजूत होती. तो शिकलेला होता, पण त्याच्यावर कधी आळ आलेला नव्हता.

"मला खरंच वाटत होतं रे," पारुबाई म्हणाली. "लोकं म्हणत होते त्याची मला तकलीफ न्हाई. पण तिला जाळापाशी मीच बसवलं होतं ना. ती म्हणली होती, आक्का, कंबर दुखून राहिली. मी म्हणलं, बस, बसल्या बसल्या कसली दुखती. ते मी रोज ऐकते. म्हणून मी कोण्या गरवार बाईला शिवत न्हाई. कोणाचं लेकरू मांडीवर घेत न्हाई."

"पण हळदीनं झालंच न्हाई, मोठी माय."

"व्हय. डाक्टर म्हणते तर बराबर असंल." तिने गोधडीचा कोपरा आत खोचला. "सुमन एकदा म्हणली असती तर बरं झालं असतं."

एवढ्यासाठी ती येणार होती. आक्काचा दोष नाही, असं सुमनने सगळ्यांसमोर एकदा म्हणावं. विश्वंभरने घरी येऊन हे फक्त द्वारकेला सांगितलं. तोवर द्वारका नवऱ्याच्या बाजूने होती. तिच्या पांढऱ्या भाजीचा हिशोब अशाने का होईना पुरा होणार होता. पण हे ऐकल्यावर ती घाबरली.

"आवं, हट्ट्याहून विहीणबाई येनार. तिच्याम्होरं रक्ताचं काढायचं? तिला आपण इंजेक्शन ताकदीचं हाय म्हणून सांगितलंय. आज्जीच्या रक्तानं लेकरं गेली आणि तेच रक्त पोरीत आलं, असं तिनं ऐकलं म्हंजी? तिला दाणे दाखवत बसता का?"

"पण त्याच्यावर इलाज हाय आता."

"इलाज डाक्टरपाशी हाय. लोकांच्या तोंडाला न्हाई."

अशी द्वारका त्या रात्रीतून सासूच्या बाजूला गेली. मोठ्या माय आल्याच तर दारातून हळदीकुंकू लावून परत पाठवू, असं तिने सुचवलं. विश्वंभर भडकला. जन्मात पहिल्यांदा त्याने द्वारकेवर आवाज चढवला, आणि पलीकडच्या खोलीत आरोही छताकडे बघत पडून राहिली. माझ्या पोटातल्याला अजून नाव नाही आणि त्याच्यावरून घर फुटतंय, असं तिला वाटत होतं.

ओटी दुपारी भरायची होती. बाया जमल्या. विहीणबाई हट्ट्याहून हिरवी साडी, फळं आणि पेढे घेऊन आली. तिचा आवाज मोठा होता आणि मन वाईट नव्हतं. आरोहीला पाटावर बसवलं. ओटी सासूने आधी भरायची असं सगळ्यांनी म्हटलं, पण सुमनबाई अजून खोलीतून आलेली नव्हती आणि आजीवाचून कसं सुरू करायचं म्हणून सगळं खोळंबलं. द्वारका दोनदा आत जाऊन आली.

तेवढ्यात पारुबाई दारात आली. स्वच्छ धुतलेलं जुनं लुगडं, हातात नारळ. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. तिला बघितल्याबरोबर पाटाजवळ बसलेली एक गरोदर पोर तिच्या सासूने हाताला धरून मागे ओढली. फार नाही, हातभर. ओढणारीला आपण काही वाईट केलं असं वाटलंही नसेल, इतकं ते सवयीचं होतं. पारुबाईने ते बघितलं आणि नजर नारळाकडे वळवली.

खोलीच्या दारातून सुमनबाईनेही ते बघितलं.

ती बाहेर कशी आली ते तिला नंतर सांगता आलं नसतं. मनाशी काही ठरवलेलं नव्हतं. पण ते मागे ओढणं तिने इतक्या वर्षांत हजारदा बघितलं होतं, दरवेळी तिला त्याचं समाधान वाटलं होतं, आणि आज पहिल्यांदा तिला त्याची शिसारी आली. ती सगळ्या बायांच्या मधून चालत उंबऱ्यापाशी गेली.

"आक्का, आत ये."

पारुबाई हलली नाही.

"आक्कानं काही केलं न्हाई," सुमनबाई वळून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "हळदीनं काही झालं न्हाई. माझं रक्त येगळं हाय, लेकरायचं येगळं होतं. माझ्याच रक्तानं माझी लेकरं गेली. डाक्टरनं सांगितलं. आक्काला आपण उगीच बोल लावला. मी लावला."

विश्वंभर अंगणातल्या खांबाला टेकून उभा होता. त्याला वाटलं, झालं. आता मोठी माय आत येईल.

पण ती मघाची सासू, जिने सून मागे ओढली होती, तिने सुनेला अजून थोडं सरकवलं. ह्या वेळी सुमनबाईपासून. एक म्हातारी पुटपुटली की बाई बाई, स्वतःच्याच रक्ताने. दुसरी म्हणाली की अशी बाई असते म्हणतात, पोटचं खाणारी. ती हळू म्हणाली, पण घर लहान होतं.

आणि विहीणबाईने, मन वाईट नसलेल्या विहीणबाईने, ओटीचे तांदूळ परत ताटात ठेवले.

"पोरीचं रक्त कोनावर गेलं हाय?" तिने द्वारकेला विचारलं. "ते इंजेक्शन कशाचं देऊन राहिले मंग?"

द्वारकेने ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. आरोही म्हणाली, "आत्याबाई, मी सांगते, त्याच्यात भ्यायचं काही—" पण सासू तिच्याकडे बघत नव्हती. ती तिच्या पोटाकडे बघत होती.

ती नजर पारुबाईच्या ओळखीची होती. त्या नजरेखाली ती म्हातारी झाली होती. तिने एकदा सुमनबाईकडे बघितलं, एकदा पाटावरच्या पोरीकडे, आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलायला लागली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"रक्तात काही न्हाई कोणाच्या. सुमनला म्हातारपणी काहीबी सुचून राहिलं. कंबर दुखते म्हणत होती तरी मीच तिला काहिलीपाशी बसवलं. माझ्याच हातानं झालं. त्या पोरीचा ह्याच्यात काय संबंध? ती चांगल्या रक्ताची हाय. भरा तिची ओटी."

सुमनबाईने तोंड उघडलं. खोटं आहे म्हणायचं होतं. मग तिला विहीणबाईचा हात दिसला, तांदळाच्या ताटावर घुटमळणारा. आरोही उठायला बघत होती. सुमनबाईने मागे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला दाबून खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली.

विहीणबाईने सुस्कारा सोडला. मला वाटलंच, असं म्हणत तिने ओंजळीत तांदूळ घेतले. बायांना हायसं वाटलं. बाहेर ओट्यावर बसलेल्या सोनाजीला कोणी काही विचारलं नाही, आणि तोही उठला नाही. रक्ताची गोष्ट चालली होती, पण त्याच्या रक्ताकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

पारुबाई अंगणातून निघाली तशी विश्वंभर तिच्या आडवा आला. त्याचे डोळे भरले होते. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण तिच्यासमोर लेकरासारखा उभा राहिला.

"मोठी माय, काहून केलं हे? ती म्हणली होती ना. सगळ्याम्होरं म्हणली होती."

"व्हय. आयकलं मी. माझ्यासाठी तेवढं पुरं झालं." तिने नारळ त्याच्या हातात दिला. "मला सवय हाय, बाबा. तुझ्या पोरीला न्हाई."

घरात बायांनी गाणं धरलं होतं. सुमनबाईचा आवाज त्यात नव्हता. तिचा हात मात्र आरोहीच्या खांद्यावर तसाच होता, पोर उठू नये म्हणून.